सामाजिक धोरणाचे संशोधन : व्यवसायाची शिडी आणि प्रश्नाची भाषा

१

सामाजिक धोरणाचे संशोधन हा आज एक मान्य व्यवसाय आहे. त्याला पदव्या आहेत, पदे आहेत, वेतनश्रेणी आहेत; अर्थशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र आणि लोकप्रशासन या विषयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी अनेकांची दृष्टी त्याच्याकडे लागलेली असते. महाराष्ट्रात हा व्यवसाय केव्हा सुरू झाला, या प्रश्नाला मात्र दोन उत्तरे संभवतात. संस्थांच्या इतिहासाकडे पाहिले तर १९३० हे साल सांगावे लागते. साताऱ्याचे रावबहादूर काळे यांच्या देणगीतून, भारत सेवक समाजाच्या आश्रयाखाली, त्या वर्षी पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक झाले आणि १९६६ पर्यंत त्या पदावर राहिले. १९३६ मध्ये मुंबईत समाजकार्याचे शिक्षण देणारी टाटांची संस्था निघाली. तेव्हापासून समाजाची पाहणी करणे हे कोणाच्या तरी उपजीविकेचे आणि आयुष्यभराचे काम होऊ शकले.

परंतु लेखनाच्या इतिहासाकडे पाहिले, तर आरंभ पंधरा वर्षे मागे जातो. १९१५ मध्ये त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाला. आत्रे हे महसूल खात्यातील अधिकारी. संशोधन हा त्यांचा व्यवसाय नव्हता. नोकरीच्या निमित्ताने जे गाव त्यांनी पाहिले, ते त्यांनी गावाच्याच शब्दांत लिहिले.

या दोन आरंभांमध्ये जे अंतर आहे ते केवळ पंधरा वर्षांचे नाही. पहिल्या आरंभात संशोधक हौशी आहे आणि भाषा मराठी आहे. दुसऱ्यात संशोधक व्यावसायिक आहे आणि भाषा इंग्रजी आहे. हा बदल सर्वसाधारणपणे प्रगती म्हणून सांगितला जातो, आणि तो पुष्कळ अंशी खराही आहे. तथापि या प्रगतीच्या हिशेबात एक रक्कम मांडायची राहून गेली आहे. ती कोणती, आणि तिच्या अभावी या व्यवसायाच्या ज्ञानालाच कोणते वैगुण्य येते, याचा विचार करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन आहे.

२

प्रथम जमेची बाजू पाहणे न्याय्य होईल. ‘गावगाडा’चे मोठे सामर्थ्य त्याच्या शब्दसंपत्तीत आहे. काळी आणि पांढरी, वतन आणि बलुते, अलुतेदार आणि फिरस्ते हे शब्द त्यात शोभेसाठी आलेले नाहीत. गावातील हक्क आणि देणी यांची सारी मांडणी त्या शब्दांनीच केलेली आहे. ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची, हे समजल्यावाचून गावाची व्यवस्था समजत नाही. असे असूनही या ग्रंथाच्या मर्यादा स्पष्ट आहेत. गावोगाव फिरणाऱ्या जमातींकडे आत्रे कुणब्यावरचा बोजा म्हणून पाहतात. जे अंमलदाराला चावडीवरून दिसते ते त्यांनी बारकाईने टिपले आहे. चावडीसमोर ज्याला उभे केले जाते त्याला काय दिसत होते, हे त्या ग्रंथातून क्वचितच कळते. लोकांची भाषा अवगत असणे आणि लोकांच्या बाजूने पाहणे या दोन भिन्न गोष्टी होत. तेव्हा मराठीत लिहिले म्हणजे सत्य हाती लागले, असा निष्कर्ष कोणी काढू नये.

शिवाय ‘गावगाडा’च्या पद्धतीने जे प्रश्न सुटू शकत नव्हते, ते पुढील अभ्यासकांनी सोडवले. पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध केला. १७७१ मध्ये त्या गावातील धारणक्षेत्र सरासरी ४० एकर होते, ते १९१५ च्या सुमारास ७ एकरांवर आले होते, हे त्यांनी कागदपत्रांवरून दाखवले. लगेच पुढच्या वर्षी, १९१८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लहान धारणक्षेत्रांवरील आपल्या निबंधात या चर्चेची दिशाच बदलली. दोष जमिनीच्या तुकड्याच्या आकारात नसून शेतीवर अडकून पडलेल्या बेकार श्रमात आहे आणि त्यावरचा उपाय उद्योगीकरणात आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. असा वाद आकड्यांवाचून घालताच आला नसता.

गोखले संस्थेने हीच वाट प्रशस्त केली. पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी गाडगीळांनी केली. तिचा पहिला भाग १९४५ मध्ये आणि दुसरा १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे सोवनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये त्याच शहराची फेरपाहणी प्रसिद्ध केली. एका शहराचे असे दोनदा मोजमाप त्या काळात विरळाच. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास आला. १९६०-६१ च्या किमतींनुसार दरडोई दरमहा ग्रामीण भागात १५ रुपये आणि शहरी भागात साडेबावीस रुपये इतका किमान खर्च त्यांनी कसोटी म्हणून घेतला, आणि त्या वर्षी ग्रामीण लोकसंख्येपैकी सुमारे ४० टक्के व शहरी लोकसंख्येपैकी सुमारे ५० टक्के लोक त्या रेषेखाली होते असे दाखवले. देशाच्या धोरणविषयक चर्चेला या अभ्यासाने जे वळण दिले, ते वर्णनपर ग्रंथाला देता आले नसते.

३

येथे एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. दांडेकर आणि रथ यांचे आकडे आले कोठून? ते १९५० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीतून आले. त्या पाहणीचे आकडे आले अन्वेषकांकडून. आणि अन्वेषकांना ते मिळाले घराच्या उंबऱ्याशी बसून, घरातील माणसाशी त्याच्या भाषेत बोलून. महाराष्ट्रात ही भाषा मराठी होती. तीही पुस्तकी मराठी नव्हे, तर वऱ्हाडी, अहिराणी, कोकणी किंवा मराठवाडी वळणाची.

म्हणजे या व्यवसायातून मराठी नाहीशी झाली, हे म्हणणे यथार्थ नव्हे. ती अहवालातून गेली आणि उंबऱ्याशी राहिली. अनुसूची मुख्यतः इंग्रजीत आणि हिंदीत रचली जाते. तिच्यावरील सूचना इंग्रजीत असतात. विश्लेषण आणि प्रसिद्धी इंग्रजीत होते. गोखले संस्थेचे १९५९ पासून निघणारे नियतकालिक ‘अर्थविज्ञान’ या नावाचे आहे, पण त्यातील लेख इंग्रजी आहेत. या साऱ्या क्रमात मराठी एकाच ठिकाणी येते, ते म्हणजे प्रश्न विचारण्याच्या आणि उत्तर ऐकण्याच्या क्षणी. त्या क्षणी काय बोलले गेले, याची नोंद कोठेही राहत नाही. राहतो तो चौकटीत भरलेला आकडा.

बोलींच्या अभ्यासात निवेदकाचे शब्द जसेच्या तसे टिपणे हा पहिला नियम मानला जातो. सामाजिक पाहणीत ते शब्द टाकून देणे हा नियम आहे. दोन्ही शास्त्रांची उद्दिष्टे निराळी आहेत हे मान्य; पण टाकून दिलेल्या शब्दांबरोबर काय जाते, हे तरी तपासले पाहिजे.

४

काही उदाहरणे घ्यावीत. पाहणीतील मूळ एकक ‘कुटुंब’ हे आहे. सामान्यतः एकत्र राहणाऱ्या आणि एकाच स्वयंपाकघरातून जेवणाऱ्या व्यक्तींचा समूह, अशी त्याची व्याख्या आहे. मराठीत ‘कुटुंब’ या शब्दाला नात्याचा अर्थ आहे. जुन्या पिढीच्या बोलण्यात तर ‘कुटुंब’ म्हणजे पत्नी. व्याख्येला अभिप्रेत असलेला अर्थ मराठीत ‘चूल’ या शब्दाने व्यक्त होतो. भावाभावांच्या चुली वेगळ्या झाल्या म्हटले की व्याख्येचे काम होते. ‘तुमच्या कुटुंबात किती माणसे?’ आणि ‘तुमच्या चुलीवर किती माणसे जेवतात?’ या प्रश्नांची उत्तरे एकाच घरात भिन्न येऊ शकतात; आणि जी म्हातारी आई दोन मुलांकडे महिन्या-महिन्याच्या पाळीने जेवते, तिचे नाव कोणत्या घरात लिहावयाचे हे ठरवताना अन्वेषकाला व्याख्येपलीकडची समज वापरावी लागते.

दुसरा शब्द ‘उत्पन्न’. अर्थशास्त्राच्या परिभाषेत तो मिळकतीचा वाचक आहे. शेतकऱ्याच्या बोलण्यात तो पिकाचाही वाचक आहे. ‘यंदा उत्पन्न किती झाले?’ या प्रश्नाला ‘दहा पोती’ हे उत्तर अगदी सरळ आहे; ते देणारा अडाणी नसतो, प्रश्न विचारणाराच संदिग्ध असतो. ‘कर्ज’ या शब्दाचेही तसेच. कर्ज बँकेचे, सोसायटीचे किंवा सावकाराचे असते. शेजाऱ्याकडून घेतलेले हातउसने आणि मुकादमाकडून घेतलेली उचल यांना सर्वसाधारण बोलण्यात कर्ज म्हणत नाहीत. ‘कर्ज आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे प्रामाणिक उत्तर देणारा मनुष्य सबंध हंगामाच्या उचलीत बांधलेला असू शकतो.

तिसरा शब्द ‘काम’. ग्रामीण स्त्रीच्या बोलण्यात ‘कामाला जाणे’ म्हणजे दुसऱ्याच्या शेतावर मजुरीने जाणे. स्वतःच्या शेतात ती ‘कामाला’ जात नाही, ‘रानात’ जाते. म्हणून ‘तुम्ही काम करता का?’ असे विचारले असता ‘नाही, घरीच असते’ हे उत्तर येते, आणि निंदणी, खुरपणी, जनावरांचे वैरणपाणी ही सारी श्रमाची नोंद घरकामाच्या रकान्यात जाण्याचा संभव राहतो. राष्ट्रीय नमुना पाहणीने घरकामासाठी दोन स्वतंत्र संकेतांक ठेवले आहेत. निव्वळ घरकाम करणारी व्यक्ती ९२ मध्ये जाते. घरकामाबरोबरच सरपण, भाजीपाला, चारा गोळा करणारी किंवा घरच्या वापरासाठी शिवण-विणकाम करणारी ९३ मध्ये जाते. ही सूक्ष्मता स्तुत्य आहे. परंतु स्त्रीला यांपैकी कोणत्या खणात टाकावयाचे, की दोन्हींबाहेर काढून शेतीत काम करणारी म्हणून नोंदवावयाचे, हे अन्वेषकाने तिला कोणत्या शब्दांत विचारले यावर अवलंबून राहते. स्त्रियांच्या श्रमसहभागाविषयी जे मोठमोठे वाद आकड्यांवर चालतात, त्यांच्या मुळाशी ‘काम’ आणि ‘रान’ या दोन शब्दांतील अंतरही आहे.

चौथे उदाहरण सर्वांत बोलके आहे. गळीत हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो माणसे ऊसतोडणीसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात जातात. तेथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात; एकटा मनुष्य असेल तर तो ‘अर्धा कोयता’. मुकादमाची उचल कोयत्यामागे ठरते आणि बहुधा पुरुषाच्या हातात पडते. अनुसूचीत मजुरी व्यक्तिनिहाय नोंदवावयाची असते. ‘कोयता’ या शब्दात दोन माणसे आहेत हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या नोंदीत एक मजूर राहतो आणि एक स्त्री लुप्त होते. येथे भाषेचे अज्ञान म्हणजे केवळ भाषेचे अज्ञान नव्हे. ते मजुरीच्या व्यवस्थेचे अज्ञान आहे.

५

असा आक्षेप येऊ शकतो की, ही उदाहरणे स्थानिक आहेत; लाखो नोंदींच्या सरासरीत असे दोष एकमेकांना खोडून काढतात. यादृच्छिक दोषांच्या बाबतीत हे म्हणणे बरोबर आहे. परंतु शब्दामुळे येणारा दोष यादृच्छिक नसतो. तो प्रत्येक दारात एकाच दिशेने येतो.

प्रश्नाच्या रचनेत झालेल्या एका बदलाने देशाचे चित्र किती हलू शकते, याचा धडा १९९९-२००० च्या पंचावन्नाव्या फेरीने दिला आहे. घरखर्चाविषयीचे प्रश्न तोवर मुख्यतः ‘गेल्या तीस दिवसांत’ या मुदतीसाठी विचारले जात. त्या फेरीत अन्नपदार्थांसाठी सात दिवसांची आणि तीस दिवसांची अशा दोन्ही मुदती एकाच अनुसूचीत, शेजारी शेजारी ठेवण्यात आल्या. १९९३-९४ मध्ये सुमारे ३६ टक्के असलेले दारिद्र्याचे प्रमाण त्या फेरीनुसार २६.१ टक्के झाले. ही घट खरी किती आणि प्रश्नाच्या रचनेमुळे भासलेली किती, यावर अर्थशास्त्रज्ञांचा दीर्घ वाद झाला. अँगस डीटन यांच्यासारख्या अभ्यासकांनी आकड्यांची फेरमांडणी करून घट दाखवलेल्या प्रमाणाहून कमी असल्याचे प्रतिपादन केले. सात दिवसांचे उत्तर देऊन झाल्यावर मनुष्य तीस दिवसांचे उत्तर त्याच्याशी जुळवून घेतो, हे या वादातील एक महत्त्वाचे कारण होते.

भाषेच्या अभ्यासकाला यात आश्चर्य वाटू नये. कोणताही प्रश्न एकटा नसतो. त्याचा अर्थ त्याच्या आधीच्या प्रश्नाने घडतो. आणि ‘तीस दिवस’ ही मुदत कागदावर जितकी निश्चित आहे तितकी खेड्यातील स्मरणात नाही. तेथे खरेदी आठवडे बाजारावरून आठवते. महिना अमावस्येवरून किंवा सणावरून मोजला जातो. कुशल अन्वेषक ‘गेल्या चार बाजारांत काय काय आणले?’ असे विचारतो आणि मनातल्या मनात हिशेब जुळवतो. हे त्याचे कौशल्य पाहणीचा कणा होय. पण त्याची कोठेही गणना नाही.

६

आता व्यवसायाच्या शिडीकडे वळता येईल. या शिडीच्या तळाशी अन्वेषक आहे. त्याच्यावर पर्यवेक्षक, त्याच्यावर संशोधन साहाय्यक, मग विश्लेषक, आणि सर्वांत वर प्रकल्पाचा संचालक. एकेक पायरी वर चढावे तसे वेतन वाढते, नोकरी स्थिर होते, नाव छापले जाऊ लागते. आणि त्याच क्रमाने मनुष्य उंबऱ्यापासून आणि उंबऱ्यावरील भाषेपासून दूर जातो. तळाचा अन्वेषक अनेक ठिकाणी मुदतीच्या करारावर नेमलेला असतो. एका पाहणीत कमावलेली त्याची समज दुसऱ्या पाहणीपर्यंत टिकण्याची कसलीही तजवीज नसते. अहवालाच्या आरंभी ‘क्षेत्रीय कर्मचाऱ्यांचे आभार’ अशी एक ओळ येते, आणि त्यावर त्याचा संबंध संपतो.

याला अन्याय म्हणता येईल, आणि तो आहेच. परंतु येथे मुद्दा त्याहून निराळा आहे. ज्या जागी ज्ञान निर्माण होते ती जागा व्यवसायाने सर्वांत हलकी ठरवली आहे, हा ज्ञानाच्या व्यवस्थेतील दोष होय. ‘कोयता’ म्हणजे दोन माणसे, हे अन्वेषकाला कळते आणि संचालकाला कळत नाही, अशा स्थितीत संचालकाचे विश्लेषण कितीही सूक्ष्म असले तरी ते ‘अर्ध्या कोयत्या’चेच विश्लेषण राहील.

विद्यापीठांनी या शिडीला हातभारच लावला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांकनाची पद्धत आणली. पुढे तिच्यात फेरफार झाले, तरी प्रसिद्धीस्थळाच्या प्रतिष्ठेवरून लेखाचे मोल ठरवण्याची सवय कायम राहिली. आणि ती प्रतिष्ठा बहुतेक इंग्रजी नियतकालिकांकडे आहे. मराठीत ‘अर्थसंवाद’ आणि ‘समाज प्रबोधन पत्रिका’ यांसारख्या नियतकालिकांनी निष्ठेने काम केले. त्यांत लिहिणाऱ्याला व्यवसायात वर चढण्यासाठी त्या लेखनाचा उपयोग अल्पच झाला.

७

इंग्रजीच्या बाजूने जे सांगितले जाते त्यात तथ्य आहे. महाराष्ट्रातील आकड्यांची तुलना तमिळनाडूतील आकड्यांशी करावयाची तर समान परिभाषा हवी. जगातील संशोधनाशी संवाद ठेवावयाचा तर जगाला वाचता येईल अशी भाषा हवी. शिवाय मराठी परिभाषेच्या नावाखाली जी संस्कृतप्रचुर शब्दरचना कोशांतून झाली, तीही उंबऱ्यावर इंग्रजीइतकीच परकी ठरते. म्हणून इंग्रजी टाकून परिभाषिक मराठी घ्यावी, असा हा युक्तिवाद नाही.

दोन्ही भाषांत वावरता येते, याचा दाखला या परंपरेतच आहे. ज्या दांडेकरांनी दारिद्र्यावरील अभ्यास इंग्रजीत लिहिला, त्यांनीच जगताप यांच्यासह ‘गावरहाटी’ हा ग्रंथ मराठीत लिहिला. गाडगीळ नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, पण त्याआधी प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांबरोबर शेतकऱ्यांच्या बैठकींत बसले होते. धोरणाच्या भाषेचेही एक उदाहरण आहे. १९७२ च्या दुष्काळात वाढलेल्या आणि १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळालेल्या महाराष्ट्राच्या योजनेचे नाव ‘रोजगार हमी’ होते. ‘हमी’ हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागला नाही. ज्याचा अर्थ मजुराला ठाऊक आहे, ती गोष्ट तो मागू शकतो.

यावरून काही गोष्टी निष्पन्न होतात. प्रत्येक पाहणीच्या अहवालाला, प्रश्न ज्या मराठी शब्दांत प्रत्यक्ष विचारला गेला त्यांची अनुसूची जोडली गेली पाहिजे. एका जिल्ह्यात ‘चूल’ आणि दुसऱ्यात ‘कुटुंब’ असे विचारले गेले असेल तर ते वाचकाला दिसले पाहिजे. अन्वेषकांची टिपणे आधार म्हणून जतन झाली पाहिजेत आणि ती लिहिणाऱ्यांची नावे त्यांवर राहिली पाहिजेत. भाषाविज्ञानाच्या विभागांनी प्रश्नांची पूर्वचाचणी हे आपले काम मानले पाहिजे. आजवर त्यांनी ते मानलेले नाही, हा दोष अर्थशास्त्राच्या विभागांचा नव्हे. आणि निष्कर्षांचा मराठी गोषवारा ज्या गावांनी उत्तरे दिली त्या गावांच्या ग्रामसभेपुढे वाचला गेला पाहिजे. हे औदार्य नव्हे; ती पडताळणी आहे. ‘आमच्या गावात एवढ्याच बाया काम करतात?’ असे कोणी तेथे विचारले, तर तो प्रश्न कोणत्याही परीक्षकाच्या शेऱ्याहून मोलाचा ठरेल.

या व्यवसायात पडू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला सामान्यतः असा सल्ला मिळतो की, अन्वेषकाची पायरी शक्य तितक्या लवकर ओलांडावी. वरील विवेचन मान्य असेल तर हा सल्ला उलटा करावा लागतो. निदान एक संपूर्ण हंगाम उंबऱ्याशी बसून प्रश्न विचारल्यावाचून कोणी विश्लेषकाच्या जागी जाऊ नये. आणि विश्लेषकाच्या जागी गेलेल्याने दर काही वर्षांनी पुन्हा तेथे जावे. आत्रे यांना गावाचे शब्द ठाऊक होते, पण त्यांची जागा चावडीवर होती. त्यांच्यानंतरच्या अभ्यासकांनी चावडी सोडली, मोजण्याची शक्ती मिळवली, आणि शब्द अन्वेषकाच्या हवाली केले. या दोहोंतील उणीव भरून काढणे हे आता विद्यार्थिदशेत असलेल्या पिढीचे काम होय. आणि त्याचा आरंभ अनुसूचीवरील पहिला प्रश्न कोणत्या शब्दांत विचारावयाचा, हे ठरवण्यापासूनच करावा लागेल.